‘पार्ट्रिज’ म्हणून विकलेली प्रत्येक तपकिरी कोंबडी पार्ट्रिज नसते

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या पंधरवड्यात आपल्या शेतीच्या पानावर सिल्की कोंबड्यांवर लेख आला होता. शेजारच्या काकूंनी कात्रण आणून दिले, कारण आमच्या आळीत ‘मांजरासारख्या केसांची कोंबडी’ म्हटले की माझेच घर दाखवतात. फोटो सुरेख होता. पण लेखात दोन गोष्टी अशा छापल्या आहेत की मला गप्प बसवेना. एक, सिल्की म्हणजे ‘चिनी कडकनाथ’. दुसरी, ‘पार्ट्रिज रंगाच्या जोडीला मोठा भाव मिळतो आणि पहिल्याच वर्षी पिल्ले विकून पैसे वसूल होतात’.

पहिलीचे उत्तर थोडक्यात देते. कडकनाथ झाबुआचा, मध्य प्रदेशातला. २०१८ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याची पिसे साध्या कोंबडीसारखी, पायाला बोटे चार आणि तुरा करवतीसारखा एकेरी. सिल्की चीनकडची. तेराव्या शतकात मार्को पोलोने तिकडच्या वर्णनात मांजरासारखे केस असलेल्या कोंबड्यांचा उल्लेख केला आहे. सिल्कीला बोटे पाच, तुरा अक्रोडासारखा गाठीगाठींचा आणि कानाची पाळी निळसर-हिरवी. दोघांची कातडी आणि हाडे काळी असतात आणि तो काळेपणा आणणारा जनुकीय बदल दोन्ही जातींत एकच आहे. नाते असेल तर एवढेच. कडकनाथचे नाव घेऊन मोठ्या कमाईची आशा दाखवली की काय होते, हे सांगली-कोल्हापूर-साताऱ्याकडच्या कितीतरी घरांनी २०१९ साली पैसे बुडून भोगले आहे. म्हणून तर ‘पहिल्याच वर्षी पैसे वसूल’ हे शब्द वाचून पोटात गोळा आला.

मी सासवडला राहते, शिवणकाम करते. परसात २०१८ पासून सिल्की आहेत. सुरुवात पांढऱ्या जोडीने झाली, मुलीच्या हौसेखातर. पुढच्या वर्षी एका विक्रेत्याकडे मी पहिल्यांदा पार्ट्रिज रंगाची कोंबडी पाहिली आणि तिथून माझे लक्ष दुसऱ्या कुठल्या रंगावर गेलेले नाही. आज लहानमोठे मिळून २७ पक्षी आहेत. त्यातल्या माझ्या मते खऱ्या पार्ट्रिज म्हणाव्यात अशा माद्या ४ आहेत. सहा वर्षांहून जास्त काळ झाला, तेव्हा कुठे ४.

पार्ट्रिज म्हणजे काय ते आधी सांगायला हवे, कारण लेखात ‘तपकिरी रंग’ एवढेच लिहिले आहे. पार्ट्रिज म्हणजे तित्तिर. पण हा रंग नुसता तपकिरी नव्हे, ती नक्षी आहे, आणि नर-मादीची वेगवेगळी. कोंबड्याची छाती, पोट, मांड्या, शेपूट काळी. मानेची पिसे सोनेरी-नारिंगी आणि प्रत्येकाच्या मधोमध काळी रेघ. पाठ-खांदे गडद तांबडे. मादीची गोष्ट वेगळी. तिच्या पाठीचे एकेक पीस तांबूस-सोनेरी आणि त्यावर काळ्या रेघा पिसाच्या कडेला धरून, एकीच्या आत एक. ब्लाउजच्या गळ्याला एकाआत एक असे तीन पायपिंग लावले तर जसे दिसेल, तसे. आमच्या पुरंदरच्या माळावर सकाळी तित्तिर ओरडतात, त्यांच्या अंगावरच्या रेघा बारीक आणि आडव्या. कोंबडीच्या रेघा आडव्या गेल्या तर तो दोष. त्या पिसाच्या आकाराबरोबर वळायला हव्यात.

आता सिल्कीतली खरी अडचण इथेच आहे. इतर कोंबड्यांच्या पिसाचे तंतू बारीक आकड्यांनी एकमेकांत अडकलेले असतात, म्हणून पीस सपाट राहते आणि त्यावरची रेघ सलग दिसते. सिल्कीच्या पिसाला ते आकडे नसतात. तंतू सुटे, म्हणून ती लोकरीसारखी दिसते. प्रत्येक तंतूवर काळे-सोनेरी टप्पे असतातच, पण तंतू फाकले की रेघ विस्कटते आणि लांबून सगळा धुरकट तपकिरी पुंजका दिसतो. चांगली कोंबडी आणि गाळीव कोंबडी दहा फुटांवरून सारखीच वाटते. विक्रेत्याला हे सोयीचे पडते.

मी शोधून काढलेला उपाय साधा आहे. कोंबडी मांडीवर घ्यायची, पाठीच्या मध्यावरचे एक पीस बोटांच्या चिमटीत धरायचे, बोटे पाण्यात बुडवून पिसाच्या बुडापासून टोकाकडे हळूच ओढायची. ओले तंतू एकमेकांना चिकटतात आणि रेघा जुळून येतात. पहिल्यांदा हे केले तेव्हा संध्याकाळ होती, मी दिव्याखाली बसले होते. एका क्षणापूर्वी नुसता भुरा कापूस होता आणि चिमटीत तीन काळ्या कमानी उभ्या राहिल्या. ती कोंबडी आता नाही, पण तिचे ते पीस माझ्या वहीत पहिल्या पानावर चिकटपट्टीखाली आहे.

त्या कोंबडीची हकीकत सांगते. २०१९ साली मी ‘पार्ट्रिज’ म्हणून एक नर आणि दोन माद्या ९,००० रुपयांना घेतल्या. नराची मान सोनेरी, छाती काळीभोर. एक मादी गडद, दुसरी फिकट. विक्रेता म्हणाला, फिकट म्हणजे ‘लाइट पार्ट्रिज’, परदेशात तिला जास्त मागणी. मी विश्वास ठेवला. माद्या खुडूक झाल्यावर त्यांच्याखाली अंडी ठेवली, एकविसाव्या दिवशी १४ पिल्ले निघाली. त्यातली ६ काळी, पोटाखाली पांढुरकी. ५ तपकिरी, पाठीवर खारीसारखे पट्टे. ३ पिवळट, जवळजवळ बिनपट्ट्याची. विक्रेत्याला फोन केला तर तो म्हणाला, ‘ताई, तपकिरी ठेवा, काळी वेगळी विका, असंच असतं.’

असेच नसते. दोन खऱ्या पार्ट्रिजांच्या पोटी काळे पिल्लू येत नाही, कारण सबंध काळा रंग तपकिरीवर मात करतो. काळ्याचा अंश ज्याच्यात असेल त्याच्या अंगावर तो दिसतोच. माझा नर मुळात काळाच होता. काळ्याचा एक वाटा आणि तपकिरीचा एक वाटा घेऊन जन्मलेल्या नराच्या मानेवर-पाठीवर पुष्कळदा सोनेरी पिसे डोकावतात आणि पार्ट्रिज नराची छातीही काळीच असल्याने दोघे जुळे भाऊ वाटतात. ओळखायची जागा पंखात आहे. पंख मिटलेला असताना खालच्या बाजूला तांबूस त्रिकोण दिसला पाहिजे. माझ्या नराचा पंख मिटला की काळाच होता. मला ते तेव्हा माहीत नव्हते. अशा नराची साधारण निम्मी पिल्ले काळी निघणार, आणि तशी ती निघालीही. ‘लाइट पार्ट्रिज’ मादी बहुधा बफ, म्हणजे फिकट सोनेरी, रंगाच्या संकरातली होती. तिच्यात कोलंबियन नावाचा गुण होता. तो काळा रंग मानेत आणि शेपटीत ढकलतो आणि अंगावरची नक्षी पुसून टाकतो. पिवळट पिल्ले तिची. तिघांतली खरी एकच, ती गडद मादी.

विक्रेत्याचे नाव मी लिहीत नाही. त्यालाही कोणीतरी तसेच विकले असेल. पण माझे एक वर्ष गेले आणि माझ्याकडून पाच पिल्ले नेणाऱ्या भोरच्या एका ताईंचेही गेले, याची मला आजही रुखरुख आहे. पुढच्या वर्षी मी त्यांना तीन चांगली पिल्ले पैसे न घेता दिली.

तेव्हापासून वही सुरू झाली. दुकानातल्या मापाच्या वहीसारखीच, एका पानाला एक पक्षी. पायातल्या कड्याचा नंबर, जन्मतारीख, आई, बाप, पिल्लाच्या लवेचा रंग, दोन महिन्यांनंतरचे पीस, सहा महिन्यांनंतरचे पीस. शेवटची दोन पिसे शेजारी चिकटवली की पुष्कळ गोष्टी आपोआप कळतात. उदाहरणार्थ, पहिल्या पिसांवरून काहीच ठरत नाही. सिल्कीत नर-मादीसुद्धा चार-पाच महिने नीट ओळखू येत नाहीत. मादीची खरी नक्षी मोठी पिसे आल्यावर दिसते. दीड महिन्याचे पिल्लू ‘पार्ट्रिज मादी’ म्हणून विकणारा माणूस अंदाज विकत असतो.

२०२० साली कुठे जाणे-येणे नव्हते, म्हणून त्याच गडद मादीला तिचाच तपकिरी मुलगा, नंबर ७, लावला. नाइलाज होता. ११ अंड्यांतून ६ पिल्ले निघाली. जवळच्या रक्तात अंडी कमी फळतात हे मी तेव्हा डोळ्याने पाहिले. पण त्या सहांत दोन तलंगा, म्हणजे तरुण माद्या, अशा निघाल्या की पाठीवर रेघा कोरड्या पिसावरही ओळखू याव्यात. नवीन रक्त आणणे मात्र भाग होते. २०२२ साली केरळमधल्या एका पाळणाऱ्याकडून नर घेतला. मी त्यांना विचारले, नराचा फोटो नको, त्याच्या आईची पाठ दाखवा. त्यांनी व्हिडिओ तर पाठवलाच, आणि आठवड्याने टपालाने पाकीट आले, त्यात आईच्या पाठीची दोन पिसे. असा विक्रेता मला त्याआधी भेटला नव्हता. त्यांची भाषा मला येत नाही आणि माझी त्यांना येत नाही, सगळा व्यवहार मोडक्या हिंदीत झाला, पण पिसाबद्दल आमचे एकदाही गैरसमज झाले नाहीत.

इथून पुढे जे शिकले ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. केरळचा नर दिसायला राजा होता. छातीवर एक लाल ठिपका नाही, मान झळझळीत. त्याचे मुलगे उत्तम निघाले. मुली मात्र सपक. रेघा पुसट, आणि पुष्कळ पिसांच्या मधल्या दांड्यावर फिकट पिवळी रेघ, जिने सगळी नक्षी उभी चिरली जाते. उलट माझा घरचा एक नर, ज्याच्या छातीवर तांबूस शिंतोडे होते आणि जो मी विकायला काढला होता, त्याच्या मुलींच्या पाठी सुंदर निघाल्या. परदेशात वायनडॉट जातीच्या पार्ट्रिज कोंबड्या पाळणारे जुन्या काळापासून दोन वेगळे कळप ठेवत आले आहेत, एक चांगल्या नरांसाठी, एक चांगल्या माद्यांसाठी. त्यामागचे कारण मला माझ्या परसात कळले. स्वच्छ काळी छाती आणि स्वच्छ नक्षीदार पाठ या दोन गोष्टी एकाच जोडीतून मिळणे फार अवघड. म्हणजे बाजारात जी ‘पार्ट्रिज जोडी’ विकली जाते, एक देखणा नर आणि एक देखणी मादी, ती जोडी म्हणून लावणे हेच बहुतेक वेळा या रंगाच्या हिताचे नसते. आपल्या लेखातल्या भावाच्या आकड्यांत ही गोष्ट कुठे बसते?

कोणी मला विचारतात, गावठीत कितीतरी कोंबड्या अशा रंगाच्या असतात, त्यांच्याशी संकर का नाही करत? करून पाहायला हरकत नाही, पण हिशेब करून मग करावा. सिल्कीची लव, म्हणजे ते केसांसारखे सुटे पीस, हा दबून राहणारा गुण आहे. गावठीशी संकर केला की पहिल्या पिढीत एकही पिल्लू लवेचे निघत नाही, सगळी साध्या पिसांची. त्या भावंडांत जोडी लावली की दुसऱ्या पिढीत चारांत एक लवेचे. पार्ट्रिजच्या नक्षीखालचा मूळ तपकिरी रंगसुद्धा दोन्हीकडून यावा लागतो, आणि गावठीत तो नसेल तर पुन्हा चारांत एक. दोन्ही एकत्र म्हणजे १६ पिल्लांत सरासरी एक. त्यावर नक्षीचा गुण, पाच बोटे, काळी कातडी, डोक्यावरचा झुपका. शिवाय पिवळ्या किंवा पांढऱ्या पायाच्या जातीत कातडीचा काळेपणा दाबणारा गुण असतो, तोही पाठोपाठ येतो. बेटसन आणि पनेट या दोघा शास्त्रज्ञांनी सिल्कीच्या कातडीच्या रंगाच्या अनुवंशावर १९११ साली निबंध लिहिला, त्यात हीच गुंतागुंत आहे. पांढऱ्या सिल्कीबद्दलही सांगते: तिचा पांढरा रंग चादरीसारखा असतो, खाली कुठला रंग आहे ते दिसत नाही. माझ्या पहिल्या पांढऱ्या कोंबड्या मी या कामातून म्हणूनच बाजूला ठेवल्या.

आणि हे सगळे एका वर्षाला एकच पिढी, या वेगाने चालते. आमच्याकडे अंडी बसवायला थंडीचे दिवस चांगले. एप्रिलच्या उन्हात अंडी नीट फळत नाहीत. नर-मादीच्या शेपटीखालची लव कातरली नाही तर पुष्कळ अंडी वांझ राहू शकतात. पावसात लव पाणी झटकत नाही, पक्षी चिंब होऊन गारठतो, म्हणून खुराड्याला पुढून पडदा हवा. पुष्कळ सिल्कींच्या कवटीवर झुपक्याखाली उंचवटा असतो आणि तिथली जागा नाजूक. गावठी कोंबड्यांत सोडली आणि एखादीने तिथे टोच मारली की पिल्लू लोळते. माझी दोन अशी गेली. मानमोडीची लस वेळेवर द्यावीच लागते. नव्या माणसाला हे कोणी सांगत नाही आणि तो जोडी घेऊन घरी जातो.

माझी तक्रार मिश्र रंगाच्या कोंबड्यांबद्दल मुळीच नाही. माझ्या गाळीव माद्या मी ‘सिल्की, मिश्र रंग’ असे स्पष्ट सांगून आसपासच्या गावठी पाळणाऱ्यांना ४०० रुपयांना देते. त्या खुडूक बसतात, कोणाचीही अंडी मायेने उबवतात आणि पिल्ले पंखाखाली घेतात. वीर गावच्या एका आजींकडे माझी नंबर १९ आहे. तिने आजवर त्यांच्या कोंबड्यांची अंडी तीन वेळा उबवून दिली आणि आजी मला दर वेळी फोन करून सांगतात. तिच्या अंगावर एकही सरळ रेघ नाही. ती चांगली कोंबडी आहे. पण ती पार्ट्रिज नाही आणि पार्ट्रिजच्या भावाने ती विकली असती तर मी त्या आजींना फसवले असते.

अमेरिकेत कोंबड्यांच्या जातींचे जे मानक आहे त्यात सिल्की १८७४ पासून आहे आणि पार्ट्रिज हा तिचा मान्य रंग आहे. ब्रिटनच्या मानकातही तो आहे. तिथे रंगाचे नाव घेतले की प्रदर्शनातला पंच एकेक पीस पाहतो. आपल्या बाजारात नाव घ्यायला काही लागत नाही. ते बदलायला सरकार हवे असे मला वाटत नाही. विकणाऱ्याने चार गोष्टी चिठ्ठीवर लिहून द्याव्यात: कड्याचा नंबर, जन्मतारीख, आई-बापांचे रंग, आणि त्या जोडीची आधीची पिल्ले किती रंगांची निघाली ते. विकत घेणाऱ्याने पिल्लाआधी आईची पाठ पाहावी. आणि आपल्यासारख्या वृत्तपत्राने भाव छापताना निदान एवढे विचारावे की ज्या पिल्लांचा हा भाव आहे ती किती महिन्यांची होती.

पुरंदर, भोर, बारामतीकडे आणखी कोणी या रंगामागे असेल तर मला फार आनंद होईल. एकाच परसातल्या रक्तावर हे काम पुढे जात नाही, नर बदलावे लागतात, आणि दुसऱ्याच्या डोळ्याला आपल्या कोंबडीतला दोष लवकर दिसतो.

पत्रासोबत दोन पिसे कागदात गुंडाळून पाठवत आहे. ‘अ’ लिहिलेले २०१९ च्या त्या ‘लाइट पार्ट्रिज’ मादीचे. ‘ब’ लिहिलेले नंबर ४१ चे, ती या जानेवारीत सहा महिन्यांची झाली. कोरडी असताना दोन्हींत फारसा फरक वाटणार नाही. शेतीचे पान पाहणाऱ्यांनी बोटे ओली करून बुडापासून टोकाकडे ओढून पाहावे, आणि जमल्यास तेव्हाचा फोटो छापावा.

कळावे.

आपली वाचक,
सासवड, ता. पुरंदर, जि. पुणे